कापण्यासाठी छापलेलं पुस्तक

मुलांनो, आधी माझी एक चूक सांगते. बाईंची चूक म्हटल्यावर तुम्ही लगेच सरसावून बसाल, ठाऊक आहे मला!

आमच्या शाळेत स्नेहसंमेलनाची तयारी चालली होती. चौथीच्या मुलींचं नाच बसवणं माझ्याकडे होतं. नऊवारी साड्या घरोघरून जमल्या, पण अंबाड्यावर लावायला काहीच नव्हतं. खरी अग्रफुलं नि मुदी आणणार कुठून? तेव्हा ठरलं, की पुठ्ठ्याची करायची आणि वर सोनेरी कागद लावायचा. नक्षी सुचावी म्हणून मी घरून मेंदीचं पुस्तक नेलं. एसटी स्टँडवर मिळतं ना, पातळसं, तळव्यांच्या चित्रांचं, तसलंच. मुलींना म्हटलं, "यातलं बघून काढा."

दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडलं तर मधल्या पानाला ही एवढी खिडकी! मोराची कोयरी कुणीतरी कात्रीने अलगद कापून नेली होती. चौकशीला वेळ लागला नाही. एका मुलीच्या पुठ्ठ्यावर ती कोयरी चिकटवलेली होती आणि तिच्या रेषेवरून ती सोनेरी कागद कापत बसली होती.

मी रागावले. सगळ्या वर्गासमोर रागावले. "पुस्तक कापायचं असतं का? पुस्तक वाचायचं असतं!"

ती म्हणाली, "बाई, यात वाचायला काहीच नाहीये."

वर्ग हसला. मी आणखीच चिडले. मग ती डोळ्यांत पाणी आणून हळूच म्हणाली, "बघून काढली तर वाकडी येत होती. मग हे पुस्तक कशासाठी असतं?"

त्या वेळी मी काही उत्तर दिलं नाही. गप्प बसायला सांगितलं. उत्तर मला पुढे काही महिन्यांनी मिळालं, तेही थेट जपानातून, आणि दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाकडून. त्याचीच ही गोष्ट.

पण त्याआधी जरा आपल्या घरात डोकवा. तुमच्या आजीकडे किंवा पणजीकडे फणी-करंड्याची पेटी होती का, विचारा. आणि दागिन्यांची नावं मोजायला सांगा. नाकात नथ, कानात बुगडी आणि कुड्या, गळ्यात ठुशी, चिंचपेटी, पुतळ्यांची माळ, दंडाला वाकी, हातात पाटल्या, पायात जोडवी. केसांत मूद, अग्रफूल, केतक, राखडी. डोक्यापासून पायापर्यंत दागिन्याला जागाच जागा!

आता जुन्या जपानमध्ये चला. साधारण १६०० ते १८६८ हा काळ. राज्य तोकुगावा घराण्यातल्या शोगुनांचं. शोगुन म्हणजे सम्राटाच्या नावाने प्रत्यक्ष कारभार करणारा सेनापती. आपल्याकडे छत्रपती सातारला आणि कारभार पुण्यात पेशव्यांचा, तसंच काहीसं समजा. शोगुनची राजधानी होती एदो. तेच आजचं तोक्यो. अठराव्या शतकात तिथे दहा लाखांच्या आसपास वस्ती होती म्हणतात, म्हणजे जगातल्या अगदी मोठ्या शहरांपैकी एक.

या एवढ्या मोठ्या शहरातल्या श्रीमंत व्यापाऱ्याची बायको नटूनथटून निघाली, तर तिच्या अंगावर काय दिसायचं? गळ्यात काही नाही. कान टोचलेले नाहीत. बोटात अंगठी नाही, हातात बांगडी नाही. माझ्या वर्गातल्या मुलींना हे सांगितलं तेव्हा त्या एकदम म्हणाल्या, "बिच्चारी!" पण बिचारी मुळीच नव्हती. तिचे सगळे दागिने होते डोक्यावर.

त्याआधीच्या काळात जपानी दरबारी बायका केस मोकळे, लांबसडक पाठीवर सोडत. एदोच्या काळात मात्र केस वर बांधायची पद्धत पसरली. मेणासारखं सुगंधी तेल चोपडून केसांचे पंख, कमानी, गाठी अशा काही रचना करत, की आपला खोपा त्यापुढे साधा वाटावा. कुमारिकेची केशरचना वेगळी, लग्न झालेलीची वेगळी. एकदा बांधलेले केस पुष्कळ दिवस तसेच ठेवत, आणि ते मोडू नयेत म्हणून झोपताना मानेखाली उंच, टणक उशी घेत. (कल्पना करा, अशा उशीवर तुम्हाला झोप लागेल का?)

या केसांत तीन वस्तू खोवत. टोकाला फूल किंवा लोंबती साखळी असलेला आकडा, तो कान्झाशी. अंबाड्यातून आडवी जाणारी काडी, ती कोगाई. आणि सगळ्यांच्या पुढे, भांगाच्या जागी खोवलेली अर्धचंद्राच्या आकाराची फणी. तिला म्हणतात कुशी. आपल्या मराठीत कुशी म्हटलं की आईची आठवण येते, जपानीत मात्र या शब्दाने लोक थोडे बिचकतात. 'कु' म्हणजे दुःख आणि 'शी' म्हणजे मृत्यू असाही अर्थ होतो ना! त्यामुळे फणी भेट द्यायची तर जुनी माणसं विचार करत. आणि 'कु' म्हणजे नऊ, 'शी' म्हणजे चार असंही होतं, म्हणून ४ सप्टेंबर हा तिथे फणीचा दिवस ठरला आहे. नववा महिना, चौथी तारीख. गंमत आहे की नाही?

ही फणी केस विंचरायला नव्हती. ती मिरवायला होती. दातांच्या वरचा जो अर्धगोल भाग, तेवढीच तिची जागा, तुमच्या तळहाताएवढी. त्या तळहाताएवढ्या जागेत कारागिरांनी काय काय केलं आहे! कुणी उंची लाकडावर उठावाची नक्षी कोरायचा. कुणी उरुशी नावाच्या झाडाच्या चिकाचा काळा चकचकीत लेप द्यायचा, आणि दुसरा थर ओला असतानाच त्यावर सोन्याची पूड भुरभुरवून चित्र उमटवायचा. सावंतवाडीची रंगीत लाकडी खेळणी नि गंजिफा तुम्ही पाहिल्या असतील. त्यातल्या लाखेची चमक आठवा, म्हणजे थोडी कल्पना येईल. मात्र आपली लाख किड्यापासून मिळते आणि ही उरुशी झाडापासून, एवढा फरक.

सरकारला ही हौस खपायची नाही. व्यापाऱ्यांनी आपल्या पायरीने राहावं, सोनं-चांदी मिरवू नये, असे हुकूम शोगुन पुन्हा पुन्हा काढत. एक हुकूम पुन्हा पुन्हा काढावा लागतो, याचा अर्थ काय ते तुम्हाला कळलंच असेल. वर्गात मी "गप्प बसा" किती वेळा म्हणते, त्यावरून ओळखा! लोकांनी पळवाटा शोधल्या. समुद्री कासवाच्या पाठीच्या कवचाची फणी फार महाग, तिच्यावर बंदी आली, तेव्हा व्यापारी म्हणू लागले, "छे, हे तर साध्या चिखलातल्या कासवाचं आहे." तेव्हापासून त्या कवचाला बेक्को हे साध्या कासवाचंच नाव चिकटलं, असं सांगतात.

तर अशा फण्या एदोत घडत होत्या. आता प्रश्न असा, की फणी घडवणारा रोज नवी नक्षी कुठून आणणार? गिऱ्हाइकाला तर नवंच पाहिजे. हात कसलेला आहे, करवत धारदार आहे, पण चित्र सुचत नाही. आपल्याकडे सोनाराची पोरं बापाच्या हाताखाली बसून नक्षी शिकायची, साचे एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जायचे. जपानमध्येही तसं होतंच. पण तिथे आणखी एक सोय होती. छापील नमुन्यांची पुस्तकं! त्यांना 'हिनागाता' म्हणत. किमोनोच्या, म्हणजे तिथल्या पायघोळ झग्याच्या, नक्षीची अशी पुस्तकं १६६० नंतर निघू लागली होती. गिऱ्हाईक पान उलटून बोट ठेवायचं, "हे हवं."

आणि १८२३ साली अशी एक तीन भागांची नमुन्यांची जोडी बाजारात आली. 'इमायो सेक्किन हिनागाता' असं भारदस्त नाव. सोप्या मराठीत 'आजच्या तऱ्हेच्या फण्या आणि नळ्यांचे नमुने'. पहिले दोन भाग फण्यांचे, त्यात अडीचशेच्या आसपास नक्ष्या. तिसरा भाग तंबाखू ओढायच्या लांब नळ्यांवर कोरायच्या नक्षीचा. तो आपण मुलांच्या अंकात बाजूलाच ठेवू.

चित्रकार होता कात्सुशिका होकुसाई.

नाव ओळखीचं नसेल, पण त्याचं एक चित्र तुम्ही नक्की पाहिलेलं आहे. भली मोठी निळी लाट, तिच्या फेसाला जणू नखं फुटली आहेत, खाली लांबट होड्या, आणि लाटेच्या पोटातून दूरवर दिसणारा छोटासा फुजी पर्वत. पिशव्यांवर, कपांवर, वह्यांच्या वेष्टनांवर असते ती. जुलै २०२४ मध्ये जपानने हजार येनची नवी नोट काढली, तिच्या पाठीवरही तीच लाट आहे. ते चित्र त्याने काढलं १८३१ च्या सुमाराला. फणीचं पुस्तक त्याच्या आठेक वर्षं आधीचं.

होकुसाईचा जन्म १७६० चा, एदोतलाच. आरसे घडवणाऱ्या कारागिराच्या घरात तो वाढला असं सांगतात. सहाव्या वर्षापासून आपल्याला चित्रं काढायचा नाद लागला, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. बारा-तेराव्या वर्षी तो भाड्याने पुस्तकं देणाऱ्या दुकानात कामाला लागला. चौदाव्या वर्षी लाकडी ठसे कोरणाऱ्याकडे उमेदवारी. अठरा-एकोणीस वर्षांचा झाल्यावर चित्रकाराच्या हाताखाली गेला. आयुष्यात त्याने तीसहून अधिक वेळा नाव बदललं आणि नव्वदाच्या वर वेळा घर बदललं म्हणतात. घर आवरण्यापेक्षा बदलणं त्याला सोपं वाटायचं! (हा उपाय कृपया आईला सुचवू नका.) त्याची मुलगी ओई हीसुद्धा उत्तम चित्रकार होती आणि म्हातारपणी त्याच्या सोबतीला तीच राहिली.

फणीचं पुस्तक काढलं तेव्हा तो साठी ओलांडलेला होता. आपल्याकडे जशी साठ संवत्सरांची माळ फिरून पहिल्यावर येते, तशी जपानमध्येही साठ वर्षांची एक फेरी असते. ती पूर्ण झाली की माणूस नव्याने जन्मला. म्हणून होकुसाईने १८२० साली नवं नाव घेतलं, इइत्सू. त्याचा अर्थ 'पुन्हा एक'. साठीशांत झालेला माणूस पुन्हा पहिलीच्या वर्गात बसला म्हणा ना!

आणि या माणसाने त्या वयात काय काढलं, तर फणीच्या नक्ष्या. मला आधी वाटलं, पोटापाण्यासाठी केलेलं किरकोळ काम असेल. मोठ्या चित्रकाराने कुठे असलं काही करायचं असतं? पण या पुस्तकाच्या पानांची छायाचित्रं पाहायला बसले, आणि माझा समज पार बदलला.

पानावर अर्धगोल. त्याच्या खाली दुसरा अर्धगोल. आत काय काय आहे, तर उसळणारं पाणी, वाकलेलं गवत, पक्षी, फुलं, होड्या, आणि फुजी पर्वत. चित्रकाराला साधारणपणे चौकोनी कागद मिळतो. वर आकाश, खाली जमीन, चार कोपरे. अर्धगोलात कोपरेच नाहीत. खालची बाजू सरळ, वरची वाकडी. चौकोनात काढलेली होडी तशीच उचलून इथे ठेवली तर तिचं शीड कापलं जाईल. मग होकुसाई काय करतो? आकाराशी भांडत नाही. फणीची पाठ वाकडी आहे ना, मग लाटच तशी वाकवतो. डोंगराचा उतार फणीच्या कडेबरोबर खाली आणतो. तुम्ही कधी शंकरपाळ्याच्या आकारात गणपती काढून पाहिलाय? काढून पाहा, म्हणजे अडचण कळेल.

आणखी एक पेच असतो. फणी कागदासारखी सपाट नसते. तिला पुढची बाजू आहे, मागची बाजू आहे आणि वर बोटभर जाड पाठ आहे. चांगल्या फणीत नक्षी पुढून निघून पाठीवरून चढते आणि मागे उतरते. वेल पुढे, तर तिचं फूल मागे. समोरून पाहणाऱ्याला एक दिसेल, मागच्या माणसाला दुसरं. हे सगळं सपाट कागदावर आधीच मनात धरून काढायचं.

पण माझं लक्ष ज्या गोष्टीने वेधलं, ती वेगळीच. या नक्ष्या फणीच्या खऱ्या मापात छापलेल्या होत्या. लहान नाही, मोठ्या नाही. का? कारण कारागिराने पान कापावं, नक्षी थेट लाकडावर चिकटवावी आणि त्या रेषेवरून हत्यार चालवावं!

वाचलं आणि मला कोयरीची ती खिडकी आठवली.

"बघून काढली तर वाकडी येत होती, म्हणून कापून चिकटवली." चौथीतल्या मुलीने जे केलं, तेच व्हावं म्हणून जपानच्या एका थोर चित्रकाराने पुस्तकच छापून घेतलं होतं.

इथे तुम्ही विचाराल, "बाई, पण त्याला वाईट नसेल का वाटलं? एवढी सुंदर चित्रं, आणि लोक ती कापणार!" मलाही तसंच वाटलं होतं. मग मी ते पुस्तक छापलं कसं, ते पाहिलं. आणि लक्षात आलं, की कापलं जाणं त्याला मुळीच नवं नव्हतं.

त्या काळी जपानमध्ये छपाई अशी व्हायची. चित्रकार अगदी पातळ कागदावर काळ्या शाईने चित्र काढी. तो कागद ठसे कोरणाऱ्याकडे जाई. कोरणारा तो चेरीच्या लाकडाच्या फळीवर उलटा चिकटवी, चित्र खाली आणि कोरी बाजू वर. कागद इतका पातळ, की रेषा पाठीमागून दिसत. मग बारीक सुरीने रेषेच्या दोन्ही बाजूंचं लाकूड कोरून काढायचं, कागदासकट. रेषा तेवढी उंच उरायची. फळीला शाई लावून वर कोरा कागद ठेवला आणि बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या गोल गादीने घासला, की झालं चित्र तयार. हवी तेवढी पानं काढा.

पण चित्रकाराचा मूळ कागद कुठे गेला? फळीवर चिंध्या होऊन संपला! म्हणजे होकुसाईने स्वतःच्या हाताने काढलेलं चित्र छपाईतच नाहीसं झालं. त्यातून छापील पान निघालं. ते पान फणीवाल्याने कापलं, लाकडावर चिकटवलं, आणि त्याच्या हत्याराखाली तेही नाहीसं झालं. उरली फणी. एक चित्र दोनदा मेलं, तेव्हा एक फणी जन्मली.

होकुसाईला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. पोरवयात तो स्वतःच फळीसमोर सुरी घेऊन बसत होता, दुसऱ्यांच्या चित्रांचे कागद त्याच्याच हातून कोरले जात होते. कोरणाऱ्याला कोणती रेष सोपी जाते, कुठे सुरी अडते, हे त्याला हाताने माहीत होतं. फणीवाला म्हणजे त्याच्याच जातकुळीतला माणूस. म्हणून मला वाटतं, त्याने ही नक्षी कारागिरावर उपकार म्हणून काढली नसावी. आपल्या माणसाला अडचणीत हात द्यावा, तशी काढली असावी. हे माझं मत बरं का, तुम्हाला वेगळं वाटलं तर वेगळं धरा. पुढच्याच वर्षी, १८२४ साली, त्याने कापडावर छापायच्या बारीक ठिपक्या-रेषांच्या नक्षीचंही पुस्तक काढलं. कारागिरांचा त्याला कंटाळा असता तर काढलं असतं का?

आता यातली खरी गंमत. जी पुस्तकं वापरली गेली, ती संपली. पानं कापली, चिकटली, कोरली, गेली. आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियमसारख्या संग्रहालयांत या पुस्तकाच्या ज्या प्रती जपून ठेवल्या आहेत, त्या म्हणजे कात्री न लागलेल्या. कुणीतरी त्या विकत घेतल्या असतील आणि नुसत्याच पाहिल्या असतील, किंवा कपाटात ठेवून विसरूनही गेला असेल. त्यांच्यामुळे आपल्याला हे पुस्तक कळलं, हे खरं. पण ज्या प्रती त्यांच्या कामाला आल्या, त्या मात्र आपल्याला कधीच दिसणार नाहीत. त्यांची पानं कुणाच्या तरी केसांत मिरवून गेली. ती फणी माळणाऱ्या बाईला हे चित्र होकुसाईचं आहे हे ठाऊक असेलच असं नाही. फणीवर कुठे त्याची सही होती!

त्या काळात आपल्याकडे काय चाललं होतं? पेशवाई संपून पाच वर्षं झाली होती. मराठी छपाई नुकती कुठे रांगत होती. मुंबईत गणपत कृष्णाजींनी आपला छापखाना काढला तो १८३१ साली. म्हणजे साधारण ती निळी लाट छापली गेली त्याच सुमाराला.

लाटेचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगते. फणीच्या पुस्तकाच्या शेवटी एक जाहिरात होती, 'लवकरच येत आहे' अशा धर्तीची. होकुसाई फुजी पर्वताचं एक पुस्तक काढणार, त्यात वेगवेगळ्या ऋतूंत, पावसात, वाऱ्यात, बर्फात, धुक्यात तो पर्वत कसा दिसतो ते असणार. ते पुस्तक त्या रूपात कधी आलंच नाही. मधली वर्षं त्याला फार कठीण गेली. आजारपण आलं, १८२८ साली बायको वारली, नातवाच्या जुगाराची देणी अंगावर आली. पण फुजी त्याच्या डोक्यातून गेला नव्हता. सत्तरीत त्याने 'फुजीची छत्तीस दृश्यं' काढायला घेतली. लोकांना ती इतकी आवडली, की आणखी दहा काढून ती शेहेचाळीस झाली. (नाव मात्र छत्तीसच राहिलं!) निळी लाट त्यातलीच. लाटा तो तरुणपणापासून काढत होता, हे खरं. पण फणीच्या त्या इवल्या अर्धगोलात पाणी वाकवून, पिळून, बसवून पाहिलेला हात पुढे ती मोठी लाट काढताना काहीच आठवत नसेल, हे मला पटत नाही. नोटेवरची लाट पाहिलीत, तर तिची कमान बघा. फणीच्या पाठीसारखी दिसते की नाही?

१८४९ साली होकुसाई गेला. त्यानंतर काही वर्षांनी जपानने परदेशी जहाजांना आपली बंदरं उघडली, आणि ही चित्रं, पुस्तकं, फण्या बोटींतून युरोपात पोचल्या. पॅरिसचे लोक वेडे झाले. तिथे आँरी व्हेव्हर नावाचा बडा जवाहिऱ्या होता. दिवसभर हिऱ्या-मोत्यांचा धंदा, आणि उरलेला जीव जपानी चित्रांवर. त्याच्या संग्रहातली सुमारे आठ हजार चित्रं १९२० च्या आसपास कोजिरो मात्सुकाता या जपानी उद्योगपतीने विकत घेतली आणि ती परत जपानला गेली. आज ती तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. पॅरिसचाच दुसरा कारागीर रने लालीक याने जपानी फण्या पाहून गाईबैलांच्या शिंगाच्या फण्या घडवल्या, साधं शिंग, पण त्यावर पानं, फुलं, किडे असे, की हिऱ्यांचे मुकुट फिके पडावेत. दागिना म्हणजे सोन्याचं वजन, ही आपली समजूत. आई-बाबांनो, तुमचीही!

पण सगळंच कौतुकाचं नाही. कवचाच्या फण्यांसाठी समुद्री कासवं मारली गेली, शेकडो वर्षं आणि पुष्कळ देशांत. ज्या जातीचं कवच सगळ्यांत सुंदर, तीच जात संपायला आली. शेवटी १९९२ च्या अखेरीला जपानने ते कवच बाहेरून आणणं बंद केलं. संग्रहालयात मधाच्या रंगाची, उजेड आरपार जाणारी एखादी फणी पाहिलीत, तर तिच्या पाठीमागे एक कासवही पाहा.

जपानी माणसं वस्तूशी फार मायेने वागतात. क्योतो शहरात यासुई कोन्पिरा-गू नावाचं देऊळ आहे. तिथे १९६१ पासून दर सप्टेंबरात फणीचा उत्सव होतो. तुटलेल्या, दात गेलेल्या, जुन्या फण्या बायका तिथे घेऊन येतात, त्यांचे आभार मानतात आणि देवळातच ठेवून जातात. मग जुन्या जुन्या काळच्या केशरचना केलेल्या बायकांची मिरवणूक निघते. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते, त्याची आठवण झाली मला.

आता आमच्या वर्गाचं राहिलंच. शाळा पुन्हा सुरू झाल्यावर मी त्या मुलीला शोधलं. ती पाचवीत गेली होती, दुसऱ्या वर्गात. मधल्या सुट्टीत तिला बोलावून होकुसाईची पानं दाखवली आणि सगळी गोष्ट सांगितली. माझं चुकलं होतं, हेही सांगितलं. तिने पानं नीट पाहिली. मग म्हणाली, "बाई, पण ह्याने कापायला दिलं होतं. मी तुम्हाला विचारलं नव्हतं."

आता यावर काय बोलणार!

त्याच शनिवारी चौथीच्या नव्या वर्गात आम्ही फण्या केल्या. तुम्हीही करून पाहा. जेवणातली मध्यम वाटी जाड कागदावर पालथी घाला, तिच्या कडेने पेन्सिल फिरवा आणि अर्धा गोल ठेवून बाकीचा पुसून टाका. खालून दोन बोटं जागा दातांसाठी सोडा. वरच्या भागात तुमच्या गावचं काहीही काढा, पण काढलेलं कडेला जाऊन तुटता कामा नये, आकाराबरोबर वळलं पाहिजे. एकाने ज्वारीचं कणीस वाकवलं. एकीने विहिरीचा रहाट काढला, तो तर आधीच गोल, तिला फुकटचे मार्क! एकाने एसटी काढली आणि तिची मागची चाकं कडेबाहेर गेली. तो म्हणाला, "बाई, गाडी वळतेय."

मेंदीचं पुस्तक मी टेबलावर ठेवलं होतं, खिडकीसकट. शेजारी कात्री ठेवली आणि सांगितलं, की यातलं हवं ते कापा, विचारायची गरज नाही. तास संपेपर्यंत त्याची चार पानं उरली होती.